हीलियम-३ न्यूट्रॉन संच: नळी अव्वल, बाकीचं नव्याने करून घ्यावं लागेल

छोट्या उपग्रहावर बसवून पृथ्वीच्या वातावरणातून बाहेर निसटणारे न्यूट्रॉन मोजता येतात, असं सांगून विकल्या जाणाऱ्या एका तयार संचाचं हे कोल्हापुरातून केलेलं परीक्षण. खोक्यात पाच मुख्य वस्तू येतात. हीलियम-३ वायू भरलेली स्टेनलेस स्टीलची नळी (व्यास २.५ सेंमी, कामाची लांबी १५ सेंमी, दाब ४ ॲटमॉस्फिअर), तिच्या टोकाला बसणारा प्रीॲम्प्लिफायर (क्षीण संकेत वाढवणारं सर्किट), १२०० ते १८०० व्होल्ट देणारा हाय-व्होल्टेज मॉड्यूल, पल्स मोजणारं कार्ड आणि नळीभोवती बसवायचा पॉलिथिनचा दोन फाळ्यांचा ठोकळा. विक्रेत्याचं नाव देत नाही. याच घडणीच्या कोणत्याही संचाला खालच्या बहुतेक गोष्टी लागू पडतील.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच: नळी उत्तम आहे. कार्ड चालण्याजोगं आहे. हाय-व्होल्टेजची बांधणी अवकाशासाठी धोक्याची आहे. ठोकळा वापरू नका, तो कोल्हापुरातच दुसरा करून घ्या. आणि एका नळीवर हे मोजमाप होतं ही समजूत सोडा, दोन नळ्या लागतात.

मोजायचं काय आहे ते नीट समजून घेतल्याशिवाय संचाची पारख करता येत नाही. विश्वकिरणांतले प्रोटॉन हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या अणुकेंद्रांवर आदळतात आणि त्यांतून न्यूट्रॉन उडतात. बहुतेक न्यूट्रॉन हवेतच धडका खात मंदावतात आणि नायट्रोजनमध्ये शोषले जाऊन कार्बन-१४ तयार करतात. काही मात्र वरच्या बाजूने निसटतात. या निसटलेल्यांना अल्बेडो न्यूट्रॉन म्हणतात. मोकळा न्यूट्रॉन सरासरी ८८० सेकंदांत मोडतो आणि त्यातून प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि प्रतिन्यूट्रिनो निघतात. न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्याने चुंबकीय क्षेत्र त्याला अडवत नाही, पण मोडल्याक्षणी जन्मलेला प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन तिथेच क्षेत्ररेषांत अडकतात. व्हॅन ॲलन पट्ट्याच्या (पृथ्वीभोवती अडकलेल्या विद्युतभारित कणांच्या पट्ट्याच्या) आतल्या भागातले जोरकस प्रोटॉन असे येतात, ही कल्पना १९५८ च्या सुमारास अमेरिकेत फ्रेड सिंगर यांनी आणि सोव्हिएत संघात सर्गेई वेर्नोव यांनी मांडली. इलेक्ट्रॉनांची बाजू सिद्ध व्हायला मात्र २०१७ उजाडलं. कोलोरॅडो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी बांधलेला सीएसएसडब्ल्यूई हा क्यूबसॅट, म्हणजे छोट्या खोक्याएवढा उपग्रह, २०१२ मध्ये कक्षेत गेला होता. त्याने पट्ट्याच्या आतल्या कडेला हे इलेक्ट्रॉन पकडले आणि त्यावरून पृथ्वीजवळच्या अवकाशात न्यूट्रॉनची घनता दर घन सेंमीला २×१०⁻⁹ इतकी निघाली. हा आकडा वाचला की हातातली नळी किती विरळ गोष्टीच्या मागे लागली आहे हे ध्यानात येतं.

थेट न्यूट्रॉन मोजण्याचं कामही जुनंच आहे. १९६९ मध्ये सोडलेल्या ओगो-६ उपग्रहावर मंदायक (न्यूट्रॉनला मंदावणारा पदार्थ) घातलेला हीलियम-३ काउंटरच होता. म्हणजे या संचाचं तत्त्व पन्नास वर्षांहून जास्त काळ पारखलेलं आहे. त्या बाबतीत शंका घ्यायला जागा नाही.

आता नळी. हीलियम-३ च्या अणुकेंद्राने न्यूट्रॉन गिळला की एक प्रोटॉन आणि एक ट्रायटॉन (ट्रिटियमचं, म्हणजे तिप्पट जड हायड्रोजनचं अणुकेंद्र) उलट दिशांना सुटतात. दोघांची मिळून ऊर्जा ७६४ केईव्ही. (ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रॉन-व्होल्ट, हे कणांच्या ऊर्जेचं एकक; केईव्ही त्याच्या हजारपट, एमईव्ही दहा लाखपट.) थर्मल न्यूट्रॉनसाठी (आसपासच्या तापमानाइतक्या मंदावलेल्या न्यूट्रॉनसाठी) गिळण्याचं क्षेत्रफळ ५३३० बार्न (अणुकेंद्राच्या पकडीचं एकक), म्हणजे ४ ॲटमॉस्फिअरला न्यूट्रॉनची सरासरी धाव १.९ सेंमी. या व्यासाच्या नळीतून आडवा जाणारा थर्मल न्यूट्रॉन साधारण ६५ टक्के वेळा पकडला जातो. एक ईव्हीला हेच प्रमाण १५ टक्क्यांवर येतं आणि एक एमईव्हीला दहा हजारांत एक-दोन. म्हणून न्यूट्रॉनला आधी मंदावणारा ठोकळा लागतो, त्याच्याकडे पुढे येऊ.

नळीच्या स्पेक्ट्रमवरून, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती पल्स आले या आलेखावरून, तिची तब्येत कळते. ७६४ ला शिखर, आणि डावीकडे ५७३ व १९१ केईव्हीला दोन पायऱ्या दिसल्या पाहिजेत. प्रोटॉन किंवा ट्रायटॉन भिंतीत घुसून ऊर्जा गमावतो तेव्हा त्या पायऱ्या तयार होतात. मोजणीची खालची सीमा १९१ च्या पायरीच्या खाली, १५० च्या आसपास ठेवायची. त्याखाली गॅमाचा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा गोंगाट असतो. या संचातल्या नळीत पायऱ्या स्वच्छ दिसतात, शिखर अरुंद आहे आणि शिखराच्या उजवीकडे फार थोडे पल्स आहेत. हे शेवटचं महत्त्वाचं. भिंतीच्या धातूत युरेनियम-थोरियमचा अंश असेल तर त्याचे अल्फा कण ७६४ च्या पलीकडे पसरलेले दिसतात. ॲल्युमिनियमच्या नळ्यांत हा त्रास जास्त, स्टेनलेसमध्ये कमी. मोजणीचा वेग मुळातच कमी असणार असल्याने स्टेनलेस नळी देऊन विक्रेत्याने शहाणपणाचं काम केलं आहे.

अवकाशासाठी हीलियम-३ चा आणखी एक मोठा गुण आहे. वेगवान विश्वकिरण प्रोटॉन नळीतून आरपार गेला तर वायूत जेमतेम तीन-चार केईव्ही सोडतो. ७६४ पुढे ते काहीच नाही. प्रत्येक विद्युतभारित कणाला न्यूट्रॉन समजण्याची चूक ही नळी करत नाही. लिथियम काचेला किंवा स्फटिकाला हा फरक पल्सच्या आकारावरून ओळखावा लागतो.

वाईट बाजू एकच, आवाज. नळीच्या मधोमध ताणलेली तार बारीक असते आणि ती थरथरली की पल्स निर्माण होतात. नळीला बोटाने टिचकी मारून पाहा. सीमा नीट लावली असेल तर मोजणी वाढता कामा नये. वाढली तर दोष नळीचाच असतो असं नाही. या संचात तो नळी धरून ठेवण्याच्या पद्धतीत आहे.

म्हणजे ठोकळ्याकडे आलो. जाहिरातीत लिहिलंय की संच १ ते १० एमईव्हीचे वेगवान न्यूट्रॉन मोजतो. ठोकळ्याची भिंत फक्त २ सेंमी आहे. हायड्रोजनच्या एका धडकेत न्यूट्रॉन सरासरी निम्मी ऊर्जा गमावतो. दोन एमईव्हीवरून थर्मलपर्यंत यायला सुमारे १८ धडका लागतात. दोन सेंटीमीटरमध्ये वेगवान न्यूट्रॉनच्या तेवढ्या धडका होतच नाहीत, तो पलीकडून निघून जातो. जमिनीवर प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या पॉलिथिनच्या गोळ्यांचा अनुभव हेच सांगतो. एमईव्हीचा पट्टा पकडायला आठ-दहा इंची गोळा लागतो, दोन-तीन इंची गोळा ईव्ही ते केईव्हीचा पट्टा पकडतो. तेव्हा हा संच जे मोजतो ते अर्धवट मंदावलेले, एपिथर्मल न्यूट्रॉन आहेत. ते मोजणंही मोलाचं आहे. पण जे मोजलं त्याचंच नाव द्यावं.

ठोकळ्याचा दुसरा दोष बांधणीचा. नळीसाठीचं भोक घट्ट, अगदी बरोबर मापाचं केलेलं आहे. जमिनीवर हातात घेतलं की छान वाटतं. पण पॉलिथिन तापमानाबरोबर स्टीलच्या आठ-नऊ पट प्रसरतं-आकुंचतं. वीस अंशांवरून उणे वीसवर गेलं की २५ मिमीचं भोक ०.१५ मिमीने आवळतं आणि नळीला चिमटा बसतो. लांबीत तर पाहूच नका. ७० अंशांच्या फरकाला १५० मिमीचा ठोकळा दीड मिमीहून जास्त बदलतो, नळी ०.२ मिमीसुद्धा नाही. भोक अर्धा मिमी सैल, टोकांना दोन मिमी मोकळीक, आणि नळी धरायला तीन ठिकाणी मऊ सिलिकोनच्या कड्या. अशी बांधणी केली की टिचकीचा आवाजही बंद होतो आणि थंडीतला चिमटाही.

हा ठोकळा करून घ्यायला कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरसारखी जागा नाही. लेथ आणि मिलिंगवर रोज लोखंड-पितळ काढणाऱ्या माणसांना पॉलिथिन म्हणजे लोणी. पण चार गोष्टी आधी स्पष्ट सांगा. पहिली, माल. एचडीपीईचा (जास्त घनतेच्या पॉलिथिनचा) पांढरा, दुधट रॉड घ्या. काळा किंवा रंगीत नको, कारण त्यात काजळी नाहीतर भेसळीचा माल असतो. दुकानातच परीक्षा होते. तुकडा पाण्यात तरंगला पाहिजे, आणि काट्यावर वजन करून मापाने काढलेल्या घनफळाला भागलं तर दर घन सेंमीला ०.९४ ते ०.९७ ग्रॅम यायला हवं. टाल्क भरलेला माल जड भरतो, काही वेळा बुडतोच. दुसरी, कुलंट. तेलमिश्रित कुलंट पॉलिथिनमध्ये मुरतं आणि निर्वातात बाहेर येऊन शेजारच्या काचांवर, सौरघटांवर बसतं. कोरडी काट, फक्त हवेचा फवारा. तिसरी, गरमी. जोरात काट घेतली की पृष्ठभाग वितळून चकाकतो आणि माप बिघडतं. धारदार एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूल, खोल पण सावकाश काट. चौथी, एक दिवस विसावा. रॉडमधला ताण मोकळा होऊन तुकडा वाकतो. आधी मोठं माप काढून ठेवा, दुसऱ्या दिवशी शेवटची काट घ्या. उद्यमनगरात हे ऐकून घेतात. कास्टिंग विसावू देण्याची सवय असलेल्यांना विसाव्याचं महत्त्व सांगावं लागत नाही.

तयार तुकडे आयसोप्रोपिलने पुसून ७०-८० अंशांवर दोन-तीन दिवस भाजा, निर्वात ओव्हन मिळाला तर उत्तम. अवकाशासाठीच्या बाष्पस्रावाच्या (निर्वातात पदार्थातून वायू सुटण्याच्या) ठरलेल्या चाचणीचे १२५ अंश एचडीपीईला देऊ नका, तो वितळण्याच्या काठावर येतो. चाचणी छोट्या नमुन्यावर वेगळी करून घ्यायची असते.

संचाबरोबर ठोकळ्याला गुंडाळायला कॅडमियमचा पत्रा येतो. हा निर्णय आम्हाला अजिबात पटला नाही. कॅडमियम अर्ध्या ईव्हीच्या खालचे न्यूट्रॉन झकास अडवतं. अर्धा मिमी पत्र्यातून शेकड्याला एकही थर्मल न्यूट्रॉन पार जात नाही. पण निर्वातात उष्णता मिळाली की कॅडमियम उडतं आणि थंड भागांवर जमतं, म्हणूनच उपग्रहांत कॅडमियमचा मुलामा वर्ज्य मानतात. शिवाय ते विषारी आहे. वर्कशॉपमध्ये कुणी नकळत त्यावर ग्राइंडर चालवला, डाख दिला, तर धूर थेट फुप्फुसात जातो. पत्रा आला तसा पिशवीत बंद ठेवा आणि कुणालाही कापायला देऊ नका. त्याऐवजी २५ मायक्रॉनचा गॅडोलिनियमचा वर्ख लावा. तो थर्मल न्यूट्रॉनांपैकी ९७ टक्क्यांहून जास्त अडवतो, वजन नगण्य, निर्वातात स्थिर. हवेत तो हळूहळू गंजतो, पावसाळ्यात लवकर. म्हणून कॅप्टॉन टेपच्या (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीच्या) दोन थरांत बंद करून ठेवायचा.

या वर्खाला सुंदर अर्थ आहे, तो सांगायलाच हवा. पृथ्वीवरून कायमचं निसटायला सेकंदाला ११.२ किमी वेग लागतो. न्यूट्रॉनच्या भाषेत ही ऊर्जा ०.६५ ईव्ही. त्याहून मंद न्यूट्रॉन फेकलेल्या दगडासारखा वर जातो आणि परत येतो. साध्या तापमानाचा, सेकंदाला २.२ किमी वेगाचा न्यूट्रॉन सरळ वर गेला तरी अडीचशे किमीच्या आसपास थकतो. ५०० किमीवरच्या उपग्रहापर्यंत पोचायला किमान ०.०४८ ईव्ही लागतात. म्हणजे त्या उंचीवर ‘थर्मल’ न्यूट्रॉनचा मोठा भाग खालून येतच नाही. तरीही मोजणीत भरपूर थर्मल दिसले तर ते कुठून आले? बहुतेक वेळा उपग्रहाच्या स्वतःच्या बॅटरीतून, सर्किट बोर्डांतून. वर्ख त्यांना बाहेरच थांबवतो.

हाय-व्होल्टेजवर सगळ्यात जास्त काळजी घ्या. खोलीत संच १४०० व्होल्टवर तासन्‌तास शांत चालतो आणि याच शांततेवर माणूस विसंबतो. हवेत ठिणगी पडायला सगळ्यात सोपी स्थिती पूर्ण दाबाला नसते आणि पूर्ण निर्वातातही नसते, मधल्या दाबाला असते. एक सेंमी अंतरासाठी हा दाब पाऊण हेक्टोपास्कलच्या आसपास येतो आणि तिथे ३३० व्होल्टही पुरतात. वातावरणात हा दाब ५० किमीवर असतो. प्रक्षेपणात उपग्रह त्यातून जातोच. म्हणून वर चढताना हाय-व्होल्टेज बंद, आणि कक्षेत पोचल्यावरही काही दिवस बंद. प्लास्टिक, वायरी, गोंद यांच्यातून हवा सावकाश सुटत असते आणि पेटीच्या आत नेमका तोच दाब रेंगाळतो.

संचात नळी आणि प्रीॲम्प्लिफायर यांच्यामध्ये साधा एसएचव्ही कनेक्टर (हाय-व्होल्टेजच्या तारेचा जोड) आहे. त्याच्या आतल्या पोकळीत हवा अडकते आणि निसटायला आठवडे लावते. दोनच उपाय. कनेक्टरच्या बाहेरच्या कवचाला एक मिमीचं भोक पाडा, किंवा कनेक्टर काढून तार थेट डाख देऊन जोडा आणि सगळा भाग सिलिकोन रबरात ओता. दुसरा उपाय चांगला, पण रबर मिसळल्यावर घट्ट होण्याआधी निर्वात घंटेत ठेवून बुडबुडे काढायलाच हवेत. आत राहिलेला एक बुडबुडा म्हणजे बंद पेटीतली तीच मधल्या दाबाची पोकळी. आम्ही पाहिलेल्या मॉड्यूलमध्ये ओतकाम पारदर्शक आहे आणि टॉर्च लावून बघितलं तर बुडबुडे डोळ्यांना दिसतात. विक्रेत्याने हे का सोडलं, कळत नाही. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत हे चालणार नाही.

कोल्हापुरात काम करणाऱ्यांसाठी एक वेगळीच गोष्ट: पाऊस. जून ते सप्टेंबर हवेतल्या ओलीने कनेक्टरच्या विद्युतरोधक भागावर ओलसर पापुद्रा बसतो, त्यावरून गळती होते आणि ती न्यूट्रॉनच्या पल्ससारखीच दिसते. शिखर जागेवर, पायऱ्या जागेवर आणि तरीही मोजणी दुप्पट, असं झालं तर न्यूट्रॉन वाढले असं समजू नका. खरे न्यूट्रॉन एकमेकांशी न बोलता येतात. एका मिनिटाच्या मोजण्या शंभरदा घेतल्या तर त्यांचं व्हेरियन्स (आकड्यांच्या विखुरण्याचं माप) सरासरीइतकंच येतं. गळतीचे पल्स झुंडीने येतात आणि व्हेरियन्स सरासरीच्या कितीतरी वर जातं. ही परीक्षा कार्डात आपोआप व्हायला हवी होती, नाही. हाताने करावी लागते. उपाय म्हणून आयसोप्रोपिलने स्वच्छता, बंद डबा, आत सिलिका जेलची पुडी. आणि चाचणी बॅटरीवर. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, फाउंड्रीतल्या इंडक्शन भट्टीच्या लाइनवर हा संच लावला तर प्रीॲम्प्लिफायर भट्टीचंच गाणं गातो.

आता चाचणी कशावर करायची? न्यूट्रॉनचा स्रोत, अमेरिसियम-बेरिलियम वगैरे, अणुऊर्जा नियामक परिषदेच्या परवानगीशिवाय ठेवता येत नाही आणि ते बरोबरच आहे. सुदैवाने सह्याद्री हाच आपला कॅलिब्रेशनचा स्टँड आहे. न्यूट्रॉनची संख्या डोक्यावरच्या हवेच्या वजनावर ठरते. दाब एक हेक्टोपास्कलने घटला की न्यूट्रॉन ०.७ टक्क्याच्या आसपास वाढतात. कोल्हापूर सुमारे ५५० मीटरवर, पन्हाळा सुमारे ९५०. दोघांच्या दाबात चाळीसहून थोडा जास्त हेक्टोपास्कलचा फरक, म्हणजे पन्हाळ्यावर मोजणी साधारण एक तृतीयांशाने वाढायला हवी. आंबा घाटाने रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उतरलात तर तिथून पन्हाळा दुप्पट. संच या कसोटीला उतरतो. फक्त धीर धरायची तयारी हवी. जमिनीवर या मापाची नळी तासाला शे-दोनशे न्यूट्रॉनच मोजते. हजार मोजले तर अनिश्चितता ३ टक्के, त्यासाठी एका जागी सहा ते आठ तास.

यात फसगत होते ती मातीच्या ओलीने. पाण्यातला हायड्रोजन न्यूट्रॉन गिळतो-मंदावतो, म्हणून ओल्या शेतावर किंवा रंकाळ्याच्या काठावर मोजणी कमी येते आणि मसाई पठाराच्या कोरड्या सड्यावर जास्त. उंचीची परीक्षा घ्यायची तर दोन्ही ठिकाणी कोरडा, खडकाळ, मोकळा भाग निवडा. मार्च-एप्रिल उत्तम. वळवाचा पाऊस पडून गेला असेल तर चार दिवस थांबा. काँक्रीटच्या छपराखाली तर मोजूच नका. आणि दाब मोबाइलच्या हवामान ॲपवरून घेऊ नका, तो समुद्रसपाटीला बदलून दिलेला असतो. जागेवरचा खरा दाब सेन्सरने मोजा.

पन्हाळ्यावर शिवाजी विद्यापीठाचं अवकाश संशोधन केंद्र आहे आणि विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचा एमएफ रडार वरच्या वातावरणावर काम करत आला आहे. या गावाला हा विषय नवा नाही. आणखी एक स्थानिक फायदा: इथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा अडथळा जगातल्या सगळ्यात मोठ्या अडथळ्यांपैकी आहे. १६-१७ गिगाव्होल्टच्या (चुंबकीय क्षेत्रात न वळता घुसण्याच्या कणाच्या ताकदीचं माप) खालचे विश्वकिरण प्रोटॉन सरळ खाली पोचतच नाहीत. कक्षेतही आपल्या डोक्यावरून जाताना अल्बेडो न्यूट्रॉन सगळ्यात कमी आणि ध्रुवांकडे कित्येक पट जास्त. म्हणजे संचाची खरी परीक्षा आपल्याच अक्षांशावर आहे, जिथे संकेत क्षीण असतो.

एका नळीचा हट्ट का सोडायचा, तो मुद्दा इथेच येतो. विश्वकिरण उपग्रहाच्या स्वतःच्या धातूवरही आदळतात आणि तिथेही न्यूट्रॉन उडतात. या घरच्या न्यूट्रॉनांची संख्याही विश्वकिरणांबरोबर चढते-उतरते, म्हणून विषुववृत्तावर कमी आणि ध्रुवांकडे जास्त असा देखणा वक्र त्यांचाही येतो. नुसता तो वक्र दाखवून ‘अल्बेडो मोजला’ म्हणता येत नाही. जाहिरातपत्रकातला आलेख नेमका तेवढाच आहे. उपग्रह जितका जड तितकी ही भर मोठी. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावर उपकरणं बसवायची पोएम ही जागा शिकणाऱ्यांना मोठा आधार आहे, पण तो टप्पा टनाच्या घरातला धातू आहे. तिथे बसवलेली एकटी नळी प्रामुख्याने रॉकेटचेच न्यूट्रॉन मोजेल. चार-पाच किलोचा स्वतंत्र क्यूबसॅट या कामाला कितीतरी बरा.

वेगळं काढायची रीत अशी. दोन नळ्या, दोघींना सारखाच ठोकळा आणि वर्ख. एक पृथ्वीकडे तोंड करून, दुसरी आकाशाकडे, मध्ये बोरॉन कार्बाइड मिसळलेल्या इपॉक्सीची पाटी. ५०० किमीवरून पृथ्वी सगळ्या आकाशाचा ३१ टक्के भाग व्यापते, त्यामुळे खालच्या नळीला जास्त मिळालं पाहिजे. मग दर काही दिवसांनी उपग्रह पूर्ण उलटा करायचा. घरचे न्यूट्रॉन उपग्रहाबरोबर उलटतात, पृथ्वीचे उलटत नाहीत. दोन्ही स्थितींतला फरक घेतला की नळ्यांमधला फरकही रद्द होतो. एमईव्हीच्या न्यूट्रॉनांना मात्र ही पाटी अडवत नाही. पाच सेंमी पॉलिथिनसुद्धा त्यांच्यातले निम्मेही थांबवत नाही. म्हणून ही रीत एपिथर्मल पट्ट्यापुरतीच खरी. शिवाय उपग्रह स्वतः सेकंदाला ७.६ किमीने धावतो, जो वेग ०.३ ईव्हीच्या न्यूट्रॉनचा आहे. पुढच्या बाजूला मंद न्यूट्रॉन जास्त आदळतात, मागच्या बाजूला कमी. मार्स ओडिसीवर याच गोष्टीचा उपयोग करून घेतला गेला. आपल्याकडे निदान नळ्यांची लांबी उड्डाणाच्या दिशेला समांतर ठेवली तरी दोघींवर परिणाम सारखा राहतो.

कार्डाकडे वळून संपवतो. ते प्रत्येक पल्सची वेळ आणि उंची आठ बाइटमध्ये लिहितं. जमिनीवर छान. दक्षिण अटलांटिक विसंगतीवरून जाताना, म्हणजे याच न्यूट्रॉनांच्या पोटी जन्मलेले प्रोटॉन जिथे खाली उतरतात तिथे, स्मृती भरून वाहते आणि त्यानंतरचं सगळं हरवतं. त्याऐवजी ३० सेकंदांचे ६४ खान्यांचे हिस्टोग्राम साठवा. खान्याला दोन बाइट धरले तर दर नळीमागे दिवसाला ३७० किलोबाइट होतात. ९६०० बॉडच्या रेडिओवर कोल्हापूरवरून जाणाऱ्या एका चांगल्या फेरीत सहा मिनिटं नीट मिळाली तर कागदावर ४३० किलोबाइट उतरतात, प्रत्यक्षात पाकिटांची बांधणी आणि पुनर्पाठवणी धरून दर नळीमागे दोन फेऱ्या लागतात. जमण्यासारखं आहे. कार्डाचा फर्मवेअर बदलता येतो, त्याबद्दल विक्रेत्याला पूर्ण श्रेय. जे बदलता येत नाही ते म्हणजे व्हिटोची, म्हणजे नको ते पल्स नाकारण्याची, जोडणी. ठोकळ्यातच विश्वकिरण आदळून उडालेला न्यूट्रॉन पुढच्या शे-दोनशे मायक्रोसेकंदांत नळीत शिरतो. ठोकळ्यावर पातळ प्लास्टिक सिंटिलेटर (विद्युतभारित कण गेला की चमकणारा) लावून तेवढा वेळ मोजणी थांबवता आली असती. कार्डावर त्यासाठी पिनच नाही.

व्होल्टेजची नोंदही हिस्टोग्रामबरोबर हवी, तापमानासकट. व्होल्टेज एक टक्का हललं तर शिखर दहा टक्क्यांच्या घरात सरकतं आणि सीमा पायरीवर चढते. शिखराची जागा हीच कक्षेतली रोजची तपासणी.

पर्याय म्हणून बोरॉनचा लेप दिलेली नळी स्वस्त आणि सहज मिळते, पण तेवढ्याच आकारात पकड बरीच कमी. सीएलवायसी (न्यूट्रॉन आला की चमकणारा लिथियमयुक्त) स्फटिक छोटा, निर्वातात हाय-व्होल्टेजची कटकट नाही, २०२२ मध्ये चंद्राकडे निघालेल्या लूनाएच-मॅप या क्यूबसॅटवर तोच होता. मात्र तो ओल शोषतो, महाग आहे आणि त्यामागचे सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर (प्रकाश टिपणारे सेन्सर) किरणोत्साराने हळूहळू गोंगाट करू लागतात. पहिल्या प्रयत्नाला आम्ही हीलियम-३ च सुचवू.

मागवताना पूर्ण संच घेऊ नका. दोन सुट्या नळ्या सलग क्रमांकाच्या, एकाच भरणीतल्या मागा, आणि दोघींचे स्पेक्ट्रम मूळ फाइलसकट. प्रीॲम्प्लिफायर घ्या, हाय-व्होल्टेज मॉड्यूल ओतकाम न केलेला घ्या. हीलियम-३ अणुपुरवठादार गटाच्या नियंत्रित यादीत आहे, पण एक ग्रॅमपेक्षा कमी असलेल्या उपकरणाला त्यातून सूट आहे. या नळीत ०.०४ ग्रॅम भरतो. हा आकडा बिलावर स्पष्ट लिहून घ्या. आणि प्रक्षेपण संस्थेला नळी बंद दाबपात्र म्हणून आधीच कळवा. जमिनीवर तिच्या भिंतीवर तीन ॲटमॉस्फिअरचा फरक असतो, कक्षेत चारचा होतो, आणि दाबचाचणीचा दाखला कंपन-चाचणीच्या आदल्या दिवशी मागून मिळत नाही.